बाबाच्या दगडाची परवानगी

बाबा गेला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत होते, परिपाठ चालू होता. आईचा फोन आला. "बाई, बाबा गेला. ये." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मी गोंडपिपरीहून मिळेल ती बस धरली. खिडकीशी बसून रडावं म्हटलं तर फोन थांबेना. आमच्या भागातल्या एका रिसॉर्टवाल्याने कुठल्याशा ग्रुपवर मजकूर टाकला होता आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला होता. 'जंगलाचा सच्चा मित्र हरपला. वाघांवर जिवापाड प्रेम करणारे सोमाभाऊ आता आपल्यात नाहीत.' खाली हात जोडल्याची चित्रं, आणि त्याखाली फोटो. फोटो वाघाचा. बाबा त्यात कुठेच नव्हता... मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून चारही कोपरे पाहिले. टोपीचं टोकसुद्धा नव्हतं. पुढच्या आठवड्यात असाच एक लेख छापून आला, त्यातही बाबा 'वाघवेडा' होता. म्हणून हे लिहिते आहे. गोड लिहिणार नाही, आधीच सांगते. बाबा वाघवेडा नव्हता. वाघाशी त्याचं वैर नव्हतं आणि मैत्रीही नव्हती. तो बाबाचा शेजारी होता, आणि त्या शेजाऱ्यासाठी बाबाला घरातून उठवलं होतं.

त्या जंगलाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना तिथे सफारीला जायचं आहे त्यांना ते माहीत आहे. आमचं गाव त्याच्या पोटात होतं, टेकडीच्या पायथ्याशी, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी चौथीत असताना आम्हाला तिथून काढून रस्त्याकडेच्या माळावर आणून टाकलं. लोकांनी घराचे दरवाजे आणले, सागाच्या म्याली म्हणजे तुळया आणल्या, छपराचे कवेलू आणले, कोंबड्या आणल्या. माणसं मात्र आणता आली नाहीत, म्हणजे मेलेली. आम्ही गोंड. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात, आणि तो दगड त्याच्या आईबापाच्या दगडाच्या रांगेत असावा लागतो. रांग तुटली तर गेलेला माणूस आपल्या लोकांत पोचत नाही, असं आमचं मानणं आहे. वनखात्याच्या तेव्हाच्या साहेबाने मोठ्या मनाने सांगितलं होतं, "सोमाभाऊ, काळजी करू नका, तुमचे दगड आपण ट्रकमध्ये टाकून आणू." बाबा म्हणाला, "दगड आनाल साहेब. त्याच्या खालचा मानूस कसा आनाल?" साहेब हसला. त्याला वाटलं गंमत केली.

माळावर पाणी नव्हतं, सावली नव्हती. टिनाखाली उन्हाळ्यात भाकर थापताना आईच्या हाताला घाम सुटून पीठ सुटायचं. बाबा चंद्रपुरात कोळशाच्या ट्रकवर जायचा आणि डोळ्यांच्या कडा काळ्या घेऊन यायचा. जमीन मिळाली ती मुरमाड, तरी तिच्यात थोडं धान व्हायचं. पण आमच्या घरी ते शिजत नव्हतं. नवं धान आलं की आधी मेलेल्यांना द्यायचं, त्यांच्या दगडापाशी पानावर ठेवायचं, मग आपण खायचं, ही आमची रीत. दगड जंगलाच्या गेटच्या आत, आम्ही गेटच्या बाहेर. वस्तीतल्या बाकीच्यांनी हळूहळू तोड काढली. कोणी मोहाच्या झाडाखाली द्यायला लागलं, कोणी घराच्या कोपऱ्यात. बाबाने तोड काढली नाही. आमचं नवं धान तो बाजारात देऊन टाकायचा आणि आम्ही वर्षभर रेशनचा जुना तांदूळ खायचो, वास मारणारा. शेजारच्या घरातून नव्या भाताचा वास आला की मी आईच्या मागे लागायचे. आई म्हणायची, "मले नोको सांगू. तुझ्या बापाले सांग." बापाला सांगायची हिंमत कोणाची? मी चंद्रपूरला कॉलेजला गेले तेव्हा वसतिगृहाच्या जेवणात पहिल्यांदा नवा तांदूळ खाल्ला, आणि घरी सांगितलं नाही. बी.ए. झालेली मी आमच्या वस्तीतली पहिली. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते.

मी कॉलेजात असताना विस्थापित गावातल्या लोकांना गाईड म्हणून घ्यायचं ठरलं. बाबा पहिल्याच दिवशी नाव देऊन आला. लोकांना वाटलं रोजीचा प्रश्न सुटला म्हणून. मला तेव्हाच कळलं होतं, त्याला आत जायचं होतं. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि रोज पहाटे जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतःच्या गावावरून जायचं... पण जायचंच फक्त. गाडीतून खाली पाय टाकायचा नाही, हा नियम पर्यटकाला तसा गाईडला. गावाच्या जागेवर आता गवत वाढलं होतं, तिथे हरणं चरायची, पर्यटकांना ती जागा फार आवडायची. बाबा तिथे कधी सांगत नव्हता की इथे गाव होतं. एकदा मी विचारलं, काऊन नाही सांगत? तो म्हणाला, "सांगितलं की ते इचारतेत, मंग वाघ तुमच्या घरात येत होता का? मंग फोटो काढतेत." गाईड म्हणून तो चांगला होता असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर तो चिडका गाईड होता. वाघ दिसला की बोट दाखवायचा आणि गप्प. पर्यटक हरखले, टाळ्या वाजवायला लागले की म्हणायचा, "पाहून झाला? चला." यालाच पुढे लोक 'जंगलाशी एकरूप झालेलं मौन' म्हणायला लागले. एकरूप कसलं? तो रागात असायचा.

मला नोकरी लागल्याच्या पहिल्या हिवाळ्यात आईने धरणं धरलं. तिला आत जायचं होतं. बाबा रोज पाहून यायचा, ती गाव उठल्या दिवसापासून गेली नव्हती. सरळ वाट एकच होती, तिकीट. मी आम्हा दोघींच्या जागा काढल्या, सकाळच्या फेरीच्या. बाबाला कळलं तेव्हा तो जेवत होता. ताट सरकवून म्हणाला, "पैसे भरून कोनी आपल्या घरी जाते का?" आई म्हणाली, "तुमी तं पैसे घेऊन जाता." असं आमच्या घरी बोलायचे. दोघेही त्यानंतर दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, पण त्या सकाळी बाबाने आपली पाळी धर्माकाकाशी बदलून घेतली आणि आमच्याच जिप्सीपुढे येऊन उभा राहिला. धर्माकाका म्हणजे आमच्याच गावचा, बाबाच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा जोडीदार.

जिप्सीत आमच्याबरोबर नागपूरचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि त्यांचे दोन पाहुणे. आई मागच्या वरच्या जागेवर लुगड्याचा पदर दाबून बसली होती, पदरात नव्या तांदळाची पुडी. ती गाईडची बायको आहे हे आम्ही कोणालाच सांगितलं नाही, आणि बाबाने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेटवर त्याने सगळ्यांना ऐकवतो तेच ऐकवलं, आवाज करायचा नाही, खाली उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "मलेच सांगून राह्यला, पाह्य." थंडी होती, तळ्यावर धुकं, टेकडीच्या माथ्याला नुकतं ऊन लागलं होतं. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला सांगू. नागपूरची बाई पुन्हापुन्हा विचारत होती, "भाऊ, दिसेल ना आज? मागच्या वेळी काहीच नाही दिसलं आम्हाला." बाबा म्हणाला, "पाहू."

गवताचं मैदान आलं. ड्रायव्हरने सवयीने गाडी थांबवली. चितळांचा कळप होता. नागपूरकर साहेब म्हणाले, "इथे पूर्वी एक गाव होतं म्हणे." बायको म्हणाली, "बरं झालं हलवलं ते. आता किती शांत वाटतं, नाही?" आईने मान वळवली. म्हणाली, "व्हय बाई. आमची पोरं लय रडत होती इथी." त्या बाईला काही कळलं असं मला वाटत नाही. आई उभी राहिली. गवतापलीकडे, कडुलिंबाच्या बुडाशी, दगडांची रांग दिसत होती. शेवटचा माझ्या आजोबाचा. आईने जिप्सीच्या कठड्यावर एक पाय ठेवला तसा बाबा वळला. "उतरू नोको."

"काऊन?"

"नियम हाये."

"तुमी कोनाचे हा? आमचे का गेटाचे?"

पर्यटक पाहत राहिले. कोणीतरी हसलं, त्यांना वाटलं बाई भांडखोर आहे. बाबाने मान परत पुढे वळवली. मग त्याने हात मागे केला, आईकडे न पाहता. आईने पुडी दिली. आणि बाबा दार उघडून खाली उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चितळं पांगली. तो गवतातून चालत गेला, लिंबाखाली बसला, पान शोधलं, त्यावर तांदूळ ठेवला. नेमकं तेव्हाच तळ्याच्या बाजूने माकडं ओरडायला लागली आणि पलीकडच्या वाटेवरच्या जिप्स्या धूळ उडवत तिकडे धावल्या. वाघ निघाला होता. नागपूरकर ओरडले, "अरे भाऊ, तिकडे आहे! चला ना! काय करताय तुम्ही तिथे?" बाबा उठला नाही. आजोबाशी काय बोलायचं ते बोलत राहिला. आम्हाला ऐकू येत नव्हतं. ड्रायव्हरला गाईडशिवाय गाडी हलवता येत नाही. साहेबांनी मोबाईल काढून बाबाचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. आई म्हणाली, "घ्या, घ्या. वाघ नाई भेटला तं मानूस न्या." बाबा परत आला तेव्हा वाघ रस्ता ओलांडून गेला होता. गाडीत बसताना त्याच्या गुडघ्यांना माती लागलेली होती, ती त्याने झटकली नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरी नवा भात शिजला. बाबाने तीनदा वाढून घेतला. आई म्हणाली, "हळू. दगडाले दिल्ला तितका तरी ठेवा उद्याले." बाबा हसला, मी त्याला असं हसताना फार कमी पाहिलं आहे. तेवढा एकच दिवस.

व्हिडिओ फिरला. तक्रार गेली ती नियमाची नव्हती, वाघ चुकल्याची होती. 'गाईड पूजा करत बसला आणि आमची सफारी वाया गेली.' ज्या रिसॉर्टमध्ये ते कुटुंब उतरलं होतं, त्याच्या मालकाने स्वतः गेटवर येऊन सांगितलं की असा माणूस ठेवला तर आमचे पाहुणे येणार नाहीत. हाच तो, 'जंगलाचा सच्चा मित्र' लिहिणारा. बाबाचं ओळखपत्र काढून घेतलं. त्या दिवशी गेटवर सगळे गाईड आमच्याच वस्तीतले होते, त्यांचेही आजे-पणजे त्याच रांगेत होते. एकही बोलला नाही. धर्माकाका जमिनीकडे पाहत उभा होता. बाबाने त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. चहाच्या टपरीवर धर्माकाका आला की बाबा भरला कप ठेवून उठायचा. वस्तीतल्या लग्नात, मयतीत, कुठेही. आईने समजावून पाहिलं, मीही एकदा म्हटलं की त्यांनाही पोरंबाळं आहेत. बाबा म्हणाला, "मले नाई का?" मग तो कधी चंद्रपुरात कचेरीत, कधी गेटवर जात राहिला, एकच मागणं घेऊन: वर्षातून एक दिवस आमाले आत जाऊ द्या, पायी, बिनातिकिटाचं. साहेब बदलत गेले. प्रत्येकाने चहा पाजला. आणि आमच्या घरी पुन्हा रेशनचा तांदूळ सुरू झाला, तो बाबा जाईपर्यंत.

बाबा छातीच्या दुखण्याने गेला. फार दिवस नाही काढले त्याने. मातीला वस्ती जमली, धर्माकाकाही आला, मागे उभा राहिला. पण आईच्या मनात माती नव्हती, दगड होता. नातेवाईक म्हणाले, वस्तीतच करू उभा, बाकीच्यांनी केलेच ना. आई म्हणाली, "तो जितेपनी वस्तीचा झाला नाई, आता मेल्यावर करता का?" मी गेटवरच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. मी लिहिलेला होता, चांगला लिहिला होता. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "मॅडम, भावना समजतात. पण कोअरमध्ये, जंगलाच्या गाभ्यात, नवीन बांधकामाला परवानगीच नाही."

मी म्हटलं, "सर, दगड आहे. बांधकाम नाही."

"उभारणी आली ना पण."

"सिमेंट लागत नाही, विटा लागत नाहीत. एक खड्डा लागतो."

"खोदकाम तर अजूनच अवघड आहे, मॅडम."

मी त्यांच्या खिडकीतून पाहिलं. गेटशेजारी सिमेंटचा वाघ नवीन बसवला होता, पर्यटकांना सेल्फी काढायला. मी बोटाने दाखवला. ते म्हणाले, "तो गेटच्या बाहेर आहे." मी उठले. नमस्कार केला नाही.

वस्तीने बाबासाठी नाल्यातून दगड निवडून आणला होता, छातीइतका उंच, एका बाजूने सपाट. ठरल्या दिवशी आम्ही तो ट्रॅक्टरवर घालून पहाटेच गेटवर नेला. आई ट्रॉलीत दगडाला धरून बसली होती. जिप्स्या रांगेत लागलेल्या, पर्यटक कानटोप्या घालून बसलेले. पाळीच्या पहिल्या गाईडचं नाव पुकारलं गेलं. धर्माकाकाच होता. तो जागचा हलला नाही.

"धर्माभाऊ, चला ना. गाडी लागली."

"आज नाई जमत साहेब. आमची मयत हाये."

"तुमचं कोण गेलं?"

"हा सोमा," धर्माकाका दगडाकडे हात करून म्हणाला. "गावचा हाये. दगडाच्या दिवशी, तो बसेपावेतो गावातलं कोनी कामाले हात लावत नाई." साहेबांनी दुसरं नाव पुकारलं, तिसरं पुकारलं. त्यांचीही मयत होती. सगळ्यांचीच होती, कारण गाईड सगळे त्याच एका गावाचे. ज्या गावाला उठवलं त्याच गावाचे गाईड नेमले, तेव्हा ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नसणार. गाईडशिवाय गाडी आत जात नाही, हा नियमही त्यांचाच. मागच्या मयतींना रीत मोडून कामाला जायला सगळे तयार झाले होते, या वेळी झाले नाहीत. काऊन, ते मी कोणाला विचारलं नाही.

पर्यटक खवळले. कोणी म्हणालं सहा महिने आधी बुकिंग केलं, कोणी वरच्या ओळखी सांगायला लागलं. एक बाई खाली उतरून आमच्या ट्रॉलीपाशी आल्या. "अहो, एका दगडासाठी तुम्ही एवढ्या लोकांची सुट्टी खराब करताय!" आई म्हणाली, "आन एका जनावरासाठी तुमी कुठून कुठून येता बाई, आमी कधी काई म्हनलं?" त्या परत जाऊन बसल्या. साहेब फोनवर बोलत गेटच्या आत-बाहेर करत राहिले. ऊन चढलं, सकाळची फेरी गेली. शेवटी ते आमच्याकडे आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, दुपारी जंगल बंद असतं त्या वेळात जा, दोन गार्ड सोबत राहतील, ट्रॅक्टरमध्ये बसून जा. आईला ऐकू गेलं. ती ट्रॉलीतून म्हणाली, "मयत चालत जाते साहेब." साहेबांनी गार्डकडे पाहून मान डोलावली. त्यांनी उपकार केले असं मी लिहिणार नाही. त्यांच्याकडे दुसरा रस्ता उरला नव्हता.

आम्ही चालत गेलो. ट्रॅक्टर पुढे, वस्ती मागे, म्हाताऱ्या बाया, पोरं, ज्यांनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं तीही. बाया वाटेने बोटं दाखवत होत्या, हे अमक्याचं अंगण, इथी विहीर होती, इथी तुझा बाप पडला होता. गवतात नुसतं गवत होतं, पण त्यांना सगळं दिसत होतं. खड्डा धर्माकाकाने खणला. कोणाला कुदळ दिली नाही. दगड उतरवताना आमच्यातले जुने लोक श्वास धरून उभे राहतात, कारण पहिल्या बसण्यात दगड डुगडुगला तर गेलेला माणूस नाराज आहे असं धरतात. तो डुगडुगला नाही. धर्माकाका दगडाला पाठ लावून खाली बसला आणि म्हणाला, "आता तरी बोल लेका." आईने रडून घेतलं, मोठ्याने, जसं मातीच्या दिवशी रडली नव्हती.

फिरणाऱ्या त्या फोटोत बाबा नव्हता. तो कुठे आहे ते आता मला माहीत आहे. लिंबाखाली, आपल्या बापाच्या डाव्या हाताला. सकाळच्या फेरीत गाडी तिथे थांबली की धर्माकाका पर्यटकांना सांगतो, इथी आमचं गाव होतं, आणि तो शेवटचा दगड सोमाचा. हरणांचे फोटो काढून झाले तरी तो गाडी लगेच हलू देत नाही, असं ड्रायव्हर सांगतात.

दगड बसवल्यावर, पुन्हा फेरी बुडू नये म्हणून, साहेबांनी बाबाचं जुनं मागणं लेखी मान्य केलं. दर वर्षी नवं धान आलं की एक दिवस, दुपारच्या वेळात, गेट आमच्या गावासाठी उघडेल. आम्ही पायी जाऊ. तिकीट लागणार नाही.